ग्रँजर आणि आब

नोकरीत असताना इंग्रजीच्या तासाला ‘ग्रँजर’ शब्द आला की मी फळ्यावर ‘भव्यता’ लिहून मोकळा व्हायचो. पुढे एकदा नळदुर्गच्या सहलीत, पाणी महालाच्या खिडकीसमोर पाणी कोसळत असताना एका पोरानं विचारलं, “गुरुजी, ह्यालाच ग्रँजर म्हणायचं का?” मी हो म्हणालो. पण ‘भव्यता’ काही तिथं बसेना.

ग्रँजर इंग्रजीत आला फ्रेंचमधून. मुळाशी लॅटिन ‘ग्रँडिस’, म्हणजे मोठा. सगळा मामला आकाराचा. आपल्या ‘भव्य’चा संस्कृतातला अर्थ ‘होणारे’, ‘शुभ’ असा होता, मराठीत त्यालाही आकारच चिकटला. आता तर आमच्या बेंबळीत दोन खुर्च्यांच्या सलूनचंसुद्धा ‘भव्य उद्घाटन’ होतं. असो.

आपल्याकडचे दुसरे शब्द पाहा. ‘दिमाख’ म्हणजे मुळात अरबी ‘दिमाग’, मेंदू. त्याचा झाला गर्व, आणि मराठीत येईपर्यंत थाट. ‘रुबाब’च्या मागे अरबी ‘रुअब’ आहे, म्हणजे धाक. इथं आकाराचा संबंधच नाही. एक शब्द मिरवणाऱ्याच्या डोक्यातला, दुसरा बघणाऱ्याच्या छातीतला! बहमनी, आदिलशाही, निजामशाही अशा राजवटी ज्यांनी खालून पाहिल्या, त्यांना थाट कसा दिसला ते या शब्दांत राहिलंय.

वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. सहलीहून आल्यावर त्यांना विचारलं. ते म्हणाले, “आब म्हण की!” फारसीत आब म्हणजे पाणी, आणि तेजही. आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. आपणही मोत्याचं पाणी म्हणतोच.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर हा बंधारा झाला आणि त्याच्या पोटात महाल. किल्ल्यातल्या माणसांना पाणी मिळावं हे बंधाऱ्याचं काम. तो भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी उडी घेतं आणि महालाच्या खिडकीतून ते समोर दिसतं. शोभा आहे ती या जास्तीच्या पाण्याची.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. भिंत होती तेवढीच उंच होती. खिडकीबाहेर नुसता दगड तापत होता. वडिलांचा शब्द तेव्हा नीट कळला. वर्गात मात्र मी शेवटपर्यंत ‘भव्यता’च लिहून दिली होती.