मनगटात शिरायची वाट

१९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. मनगटाची पाळी यायला त्यानंतर जवळजवळ अर्धशतक लागले. गुडघ्यात निदान जागा असते. मनगटात आठ बारकी हाडे दाटीवाटीने बसलेली, आणि फट जेमतेम काही मिलिमीटरांची. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९७० च्या सुमारास १.७ मिलिमीटर जाडीची दुर्बीण तयार केली, तेव्हा कुठे त्या फटीत डोकावता येऊ लागले.

पण शिरायचे कुठून? माझ्या मते मनगटाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेचा खरा जन्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तळहाताच्या बाजूने दोन मोठ्या धमन्या आणि बोटांना संवेदना देणाऱ्या नसा जातात. म्हणून वाट निवडली ती मागच्या बाजूची. तिथे बोटे आणि मनगट उचलणाऱ्या कंडरा सहा कप्प्यांतून जातात. १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेत टेरी व्हिपल, गॅरी पोलिंग, जेम्स रॉथ यांनी हे तंत्र बसवले, आणि छिद्रांचे पत्ते ठरले ते या कप्प्यांच्या क्रमांकांवरून. मुख्य छिद्र ‘३-४’, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यांमधले. मनगटामागे हाडाचा जो उंचवटा बोटाला लागतो, त्याच्यापुढे साधारण एक सेंटिमीटरवर ते सापडते.

पत्ता बरोबर असला तरी हात हलका लागतो. बोटे जाळीच्या नळ्यांत अडकवून पंजा वर ताणतात, म्हणजे फट उघडते. सुरी फक्त कातडी कापते. खालचा मार्ग बारीक चिमट्याची बोथट टोके उघडून करतात, म्हणजे नस कापली न जाता बाजूला सरकते. हाताच्या लांब हाडाचा मनगटाकडचा पृष्ठभाग तळहाताकडे दहा-बारा अंश उतरता असतो. दुर्बीणही तेवढीच कलती न घातल्यास कूर्चा खरवडली जाते, आणि ती पुन्हा पूर्ववत भरून येत नाही. सहाव्या कप्प्याच्या करंगळीकडच्या ‘६ यू’ छिद्राला तर विशेष जपावे लागते. हाताच्या मागच्या बाजूला संवेदना देणारी नस तिथून अगदी जवळून जाते.

मागून पाहताना मागचेच अस्थिबंध नीट दिसत नाहीत. त्यामुळे पुढे तळहाताच्या बाजूनेही वाट काढली गेली: मनगट वाकवणारी एक कंडरा करंगळीकडे सरकवून, तिच्या आवरणाच्या तळातून. सरकवलेली ती कंडराच तळहाताकडे जाणाऱ्या मधल्या नसेची ढाल होते.