रंध्याचा दिवा



माळा आवरताना पुष्कळ घरांत जुना लाकडी रंधा सापडतो. हल्ली अशा रंध्याचा टेबलावरचा दिवा करायची हौस आली आहे. दिसायला छानच दिसतो. पण रंधा म्हणजे हत्यार आणि दिवा म्हणजे अग्नी, म्हणून आपल्या शास्त्रात या दोन्हींबद्दल काय आहे ते आधी पाहू.

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली. सुतारकाम शिल्पात येते. पोटासाठी हत्यार चालवताना होणारी हिंसा ही उद्योगी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही. म्हणून रंधा हातात धरणारा सुतार दोषी ठरत नाही.

मात्र आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, शस्त्रे, साखळदंड यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे म्हणजे हिंसादान. या यादीत अग्नीही आहे! अनर्थ म्हणजे निष्प्रयोजन. प्रयोजन संपल्यावरही धारदार हत्यार घरात पडून राहते आणि मग कोणाच्याही हाती जाते.

लाकडी रंध्याचे प्रयोजन संपायला काळही कारण झाला. अमेरिकेत लेनर्ड बेलीच्या लोखंडी रंध्याची पेटंटे स्टॅनले कंपनीने १८६९ साली घेतली. पुढे विजेचे रंधेही आले. लाकडी रंधे माळ्यावर गेले.

आता दिव्याचे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर पावानगरी दिव्यांनी उजळली आणि तेव्हापासून लोक दीपालिका साजरी करू लागले, असे आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात आहे. हे पुराण शके ७०५, म्हणजे इ. स. ७८३ मधले. दिवा आपल्याला इतका प्रिय, तरी उघड्या ज्योतीवर किडे-पतंग जळतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्यामागे हाही विचार आहेच.

म्हणून रंध्याचा दिवा करायचाच तर असा करावा. पाचर सैल करून पाते काढावे. पाते गेले की हत्याराचे हत्यारपण गेले. लाकूड कोरड्या फडक्याने पुसावे. वाळवी असेल तर औषध मारू नये, तो रंधा या कामी घेऊच नये. पात्याची तिरपी खाच आरपार असते, तिच्यातूनच वायर घ्यावी. वायरीवर नळी चढवावी आणि जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. पिवळसर, कमी वॅटचा एलईडी बल्ब लावावा. पांढऱ्या प्रकाशापेक्षा त्यावर किडे कमी येतात. वर बंद काचेचे झाकण हवेच.

काढलेले पाते मुलांच्या हाती देऊ नका. घरात ठेवायचेच नसेल तर रोज काम करणाऱ्या सुताराला द्या. त्याच्याकडे त्याला प्रयोजन आहे.