पत्ते दोन, घर एकच

पत्त्यांची वही उतरवून काढली म्हणून घरं दुप्पट होत नाहीत. संगणकाच्या भाषांमधली एक जुनी खोड नेमकी हीच.

युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनी १९९५ साली रुबी ही भाषा लोकांसमोर आणली. त्याच साली आलेल्या जावात स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. रुबीत ती जागच्या जागी बदलता येते. सोय मोठी... पण अ‍ॅरेच्या पोटात अ‍ॅरे असले आणि 'डप'ने प्रत काढली, तर नवी होते फक्त बाहेरची यादी. आतलं सगळं जुनंच! प्रतीतलं नाव उद्गारचिन्हवाल्या 'अपकेस'ने बदललं की मूळ नावही मुकाट्याने बदलतं. उपाय साधा: दोन्ही थरांवर 'मॅप' चालवायचा आणि उद्गारचिन्हाविना 'अपकेस' वापरायचा, तो नवी स्ट्रिंग देतो.

२०१५ च्या रुबी २.३ मध्ये फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहून तिथे थेट लिहिलेल्या स्ट्रिंग गोठवायची सोय आली. २०२४ च्या ३.४ मध्ये, इशारे चालू ठेवले तर, अशी स्ट्रिंग बदलताना भाषाच टोकू लागली. मोकळीकीला हळूहळू कुंपण पडलं, ते बरंच झालं. मूळ कागद शाबूत असेल तरच चूक दुरुस्त करता येते, नाही का?