दाढेतील चांदी: भरण्याचा वाद आणि काढण्याचा प्रश्न

किडलेल्या दाढेत 'चांदी भरली' असे मराठीत सर्रास म्हटले जाते. या शब्दप्रयोगात पाऱ्याचा मागमूस नाही. वस्तुतः त्या भरणाचा वजनाने सुमारे निम्मा भाग पाराच असतो, व उरलेल्या निम्म्यात रुपे, कथिल, तांबे इत्यादी धातू असतात. दंतवैद्य या मेलाला अ‍ॅमलगम म्हणतात. नावातून पारा वगळण्याची ही रीत मात्र आजची नव्हे. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी न्यूयॉर्क येथे हे भरण आणले, तेव्हा त्यांनीही त्याला 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम', म्हणजे सोन्याच्या जागी वापरावयाचे राजेशाही खनिज, असे भारदस्त नाव दिले होते. पॅरिसमध्ये तावो याने रुप्याच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मळून दात भरण्याचा प्रयोग त्यापूर्वी काही वर्षे केला होता.

सोन्याच्या वर्खाने दात भरणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांना हा स्वस्त माल रुचला नाही. १८४० मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स' या संस्थेने १८४५ मध्ये आपल्या सभासदांकडून अ‍ॅमलगम न वापरण्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. प्रतिज्ञेपायी संस्थेतच फूट पडली. १८५० मध्ये ती मागे घ्यावी लागली आणि १८५६ मध्ये संस्थाच मोडली. या विरोधात रुग्णहिताची चिंता किती व धंद्याची किती, हे आता वेगळे करून दाखविणे कठीण आहे. दोन्ही होत्या एवढे निश्चित. पुढे १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी रुपे व कथिल यांचे प्रमाण बसवून दिले आणि भरण फुगून दात तडकण्याची जुनी तक्रार बरीचशी मिटली. पाऱ्याची तक्रार मात्र मिटली नाही, ती काही काळ दबली इतकेच.

ती पुन्हा उठली ती एका रसायनशास्त्रज्ञामुळे. जर्मनीतील आल्फ्रेड स्टॉक हे बोरॉन व सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवर काम करीत. त्यांची उपकरणे पाऱ्यावर चालत. डोकेदुखी, भोवळ आणि स्मरणशक्तीचा ऱ्हास यांनी ते अनेक वर्षे त्रस्त होते. संशोधकाला स्वतःचीच आकडेमोड आठवू नये, याहून मोठी आपत्ती कोणती? प्रयोगशाळेच्या हवेतील पाऱ्याची वाफ हे या व्याधीचे मूळ आहे, हे १९२४ मध्ये उमगले. १९२६ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख प्रसिद्ध केला आणि त्यात अ‍ॅमलगमच्या भरणांविरुद्धही इशारा दिला. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. स्टॉक यांना ज्या पाऱ्याने पीडिले तो प्रयोगशाळेतील उघडा पारा होता, दाढेत घट्ट झालेला मेल नव्हे.

हाच भेद भरण काढताना पुसला जातो. जागच्या जागी असलेल्या भरणातून चर्वणाच्या वेळी वाफ निघते, पण ती अत्यल्प. त्यावर छिद्रकाची टोकदार सुई फिरू लागली की भरण तापते, त्याची बारीक भुकटी होते आणि काही मिनिटांपुरते वाफेचे प्रमाण एकदम वाढते. १९५७ नंतर हवेच्या दाबावर मिनिटाला लाखो फेरे घेणारी छिद्रके प्रचारात आली. काढण्याचे काम त्यांनी सोपे केले. पण पाण्याची धार नसेल तर उष्णता व भुकटी यांची जोखीमही वाढविली. पाऱ्याच्या भयाने भरण काढवून घ्यावयास आलेल्या माणसाला त्या काही मिनिटांत बसल्या जागी होता त्याहून अधिक पारा हुंगावा लागे, ही या इतिहासातील खरी विसंगती होय.

तीवरचे उपाय साधेच आहेत. भरण दळून काढावयाचे नाही. कडेने छेद देऊन त्याचे मोठे तुकडे उचलावयाचे. पाण्याची अखंड धार, तोंडाजवळ जोरदार शोषक नळी आणि खोलीत खेळती हवा हवी. दातांभोवती रबराचा पातळ पडदा ताणल्यास तुकडे व भुकटी घशात जात नाहीत. वाफ मात्र तो पूर्णपणे अडवू शकत नाही, म्हणून शोषक नळीस पर्याय नाही. हा पडदा सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये न्यूयॉर्क येथे योजला, तो लाळेपासून दात कोरडा ठेवण्यासाठी. सोन्याचे भरण लाळेने बिघडते. सोन्याच्या पक्षाचे हे साधन शतकानंतर अ‍ॅमलगम काढण्याच्या कामी आले!

काढावे की नाही, याविषयीही मते फिरली. १९८०-९० च्या दशकात अमेरिकन दंतवैद्य संघटनेने, अ‍ॅलर्जी नसलेल्या रुग्णाचे भरण केवळ विषबाधेच्या नावाखाली काढण्याचा सल्ला देणे अनैतिक ठरविले. १८४५ मध्ये जे भरणे निषिद्ध होते, ते आता काढणे निषिद्ध झाले. न्यू इंग्लंड व लिस्बन येथील प्रत्येकी सुमारे पाचशे मुलांवरील दोन पाहण्या २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत मज्जासंस्थेवर अपाय आढळला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती स्त्रिया, लहान मुले व मूत्रपिंडाचे रुग्ण यांसारख्यांना नवे अ‍ॅमलगम शक्यतो टाळण्यास सांगितले. मात्र सुस्थितीतील जुने भरण वैद्यकीय कारणावाचून काढू नये, असेही बजावले. दोन्ही सूचना एकाच पत्रकात आहेत, आणि दुसरीकडे लक्ष कमी गेले.

काढलेला पारा कोठे जातो, हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला. २०१३ च्या मिनामाता करारात दंतभरणाचा स्वतंत्र समावेश झाला. भारताने या करारास २०१८ मध्ये अनुमोदन दिले. युरोपीय संघाने २०१९ पासून दवाखान्यांच्या सांडपाण्यातील मेलकण गाळणारी यंत्रे सक्तीची केली व २०२५ पासून अ‍ॅमलगमचा वापर, वैद्यकीय गरजेचे अपवाद वगळता, बंद केला. घालणे थांबले तरी आधी घातलेली भरणे कोट्यवधी तोंडांत आहेत. ती झिजतील, तुटतील, आणि छेद देऊन, पाण्याची धार सोडून, तुकड्यातुकड्याने उचलून झाकणाच्या बरणीत जमा करावी लागतील.