नकाशाच्या कोपऱ्यातले नाव

नागपूरच्या मनीषनगरात शाळेला जाताना मुले कितीतरी अपार्टमेंट ओलांडतात. इमारत कोणी बांधली, असे विचारले तर ती बिल्डरचे नाव सांगतील. आराखडा कोणी केला, हे मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असते. ते नाव असते नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत. इतिहासाच्या दृष्टीने हा कागद अस्सल पुरावा. पण तो सगळे सांगतो का?

मुंबईच्या पेरीन मिस्त्री (१९१३–१९८९) यांचे उदाहरण पाहू. सर जे. जे. कला विद्यालयातून १९३६ साली त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण केले. रीतसर शिकून वास्तुविशारद झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढच्याच वर्षी त्या वडिलांच्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार’ या फर्ममध्ये भागीदार झाल्या आणि जवळजवळ अर्धशतक तेथे काम करत राहिल्या. कार्मायकेल रोडवरचा सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला आणि बोरिवलीची खटाव मिल ही त्यांची कामे. आता अडचण अशी, की वडील जमशेटजी आणि भाऊ मिनोचर हेही त्याच फर्ममधले वास्तुविशारद. तेव्हा फर्मच्या नावातल्या ‘मिस्त्री’ या शब्दावरून काम तिघांपैकी कोणाचे, हे कसे ओळखायचे? कागद गप्प बसतो.

नावे तीन असली तरी सगळी लक्षात राहतातच असे नाही. मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. ‘मार्ग’ या नियतकालिकाने ती १९६५ साली छापली. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. आज कोरियांचे नाव पुष्कळांना माहीत असते. प्रवीणाबाईंचे किती जणांना?

अशा वेळी घरच्यांच्या आठवणी कामाला येतात. आई रात्री जागून कोणता आराखडा करत होती, कोणत्या साइटवर आपल्याला बरोबर नेत होती, हे तिच्या मुलाला आठवते. फर्मच्या दप्तरात ते सापडत नाही. पण बालपणीच्या आठवणीत साल चुकते, दोन घटना एकीत मिसळतात, आईविषयीचे प्रेमही भर घालते. म्हणून आठवण पारखून घ्यावी लागते, आणि तिथे थोडे रसायनशास्त्रही उपयोगी पडते.

समजा, मुलगा म्हणाला, “आईचे कागद निळे असत, त्यांवर पांढऱ्या रेघा.” ही जुनी ब्लूप्रिंट. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या या पद्धतीत कागदाला लोहाच्या क्षारांचा लेप देतात. प्रकाश पडतो तेथे निळा रंग तयार होतो. रेघेखाली प्रकाश पोचत नाही, तो भाग धुतल्यावर पांढरा उरतो. उलट, “पांढुरक्या कागदावर गडद रेघा, आणि नाकाला झोंबणारा वास” असे तो म्हणाला, तर ती नंतरची अमोनिया प्रिंट. तिच्यात प्रकाशाने डायझो संयुग नष्ट होते आणि रेघेखाली उरलेल्या संयुगाला अमोनियाच्या वाफेने रंग चढतो. म्हणजे मुलाच्या डोळ्यांनी आणि नाकाने टिपलेल्या खुणेवरून आठवण कोणत्या काळातली, याचा अंदाज बांधता येतो. मग सही, पत्रे, बिले, साइटवरचे फोटो यांच्याशी ती ताडून पाहायची.

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्यामुळे नोंदणी आवश्यक झाली. ही नोंदणी व्यक्तीच्या नावे असते, फर्मच्या नव्हे. त्यामुळे नंतरच्या कागदांवर नोंदणी क्रमांक असेल तर शोध सोपा होतो.

वर्गात हा उपक्रम करून पाहता येईल. आपल्या वस्तीतली एक इमारत निवडावी. सोसायटीच्या परवानगीने मंजूर नकाशा पाहावा. त्यावर वास्तुविशारदाचे नाव कोणते, सही कोणाची, हे टिपावे. मग त्या कार्यालयात जाऊन विचारावे : आराखडा प्रत्यक्षात कोणी केला? नागपुरात मुलींसाठी सुरू झालेले मनोरमाबाई मुंडले वास्तुशास्त्र महाविद्यालय आहे. तिथल्या माजी विद्यार्थिनींनाही बोलते करता येईल. मिळालेले उत्तर कागदाशी जुळले नाही, तर दोन्ही लिहून ठेवावीत. पुढच्या शोधाची सुरुवात त्या फरकापासूनच होते.