लेखणी, लिपी आणि हातातील यंत्र : वैयक्तिक अंकीय साहाय्यकाच्या इतिहासाचा एक विचार (१९८४–२००६)

यंत्रांचा इतिहास बहुधा दोन दृष्टींनी लिहिला जातो. एका दृष्टीत शोधांना प्राधान्य असते. कोणी, केव्हा व काय निर्माण केले याची नोंद तीत होते. दुसऱ्या दृष्टीत व्यापाराला प्राधान्य असते. कोणती वस्तू खपली व कोणती पडून राहिली याचा हिशेब तीत मांडला जातो. या दोन्ही दृष्टींत एक पक्ष उपेक्षित राहतो. तो म्हणजे यंत्राची निवड करून ते रोज वापरणारा मनुष्य. निवड करताना त्याने यंत्राकडून कशाची अपेक्षा केली आणि सहवासात यंत्राने त्याच्याकडून कशाची मागणी केली, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने गौण नाही. हातात मावणाऱ्या पहिल्या संगणकांच्या बाबतीत तर तोच प्रश्न निर्णायक ठरला. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या यंत्रांना 'पर्सनल डिजिटल असिस्टंट', म्हणजे वैयक्तिक अंकीय साहाय्यक, हे नाव ॲपल कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॉन स्कली यांनी जानेवारी १९९२ मध्ये प्रचारात आणले. 'साहाय्यक' या शब्दात एक आश्वासन होते. साहाय्यक मालकाची रीत समजून घेतो. मालकाने साहाय्यकाची रीत शिकावी, असा प्रघात नाही. पुढील दशकात जे घडले ते या आश्वासनाच्या उलट होते, आणि जे यंत्र यशस्वी झाले ते त्या उलट मार्गानेच झाले.

१

नाव १९९२ चे असले तरी वस्तू त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील सायऑन या कंपनीने १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' नावाचे खिशात मावणारे यंत्र विक्रीस आणले. त्याचा पडदा एका ओळीचा होता आणि कळफलकावरील अक्षरे टंकलेखनयंत्राच्या क्रमाने नसून वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली होती. नोंदी साठविण्यासाठी यंत्रात छोटी पेटी बसवावयाची असे. विद्युत्पुरवठा खंडित झाला तरी तीतील मजकूर टिकत असे. परंतु खोडलेल्या नोंदीची जागा परत मिळत नसे. ती जागा मोकळी करावयाची झाल्यास पेटी बाहेर काढून अतिनील किरणांखाली ठेवावी लागे, आणि मग एका नोंदीबरोबर उरलेल्या सर्व नोंदीही नाहीशा होत.

याच कंपनीने १९९१ मध्ये 'सीरीज ३' हे मिटता-उघडता येणारे यंत्र काढले. त्यात टंकलेखनयंत्राच्या क्रमाचा कळफलक होता. ज्यांना प्रवासात दीर्घ मजकूर लिहावयाचा असे त्यांना ते सोयीचे वाटले. ते वापरण्यास दोन्ही हातांची बोटे लागत. उभ्या उभ्या, बोलता बोलता एखादा पत्ता टिपून घ्यावा ही खिशातील टिपणवहीची जी मुख्य सोय, ती मात्र त्यात सहजपणे साधत नव्हती.

२

ॲपलने 'न्यूटन' या नावाने जी यंत्रव्यवस्था उभी केली, तिच्यातील पहिले यंत्र 'मेसेजपॅड' हे होय. ते ऑगस्ट १९९३ मध्ये बॉस्टन येथे विक्रीस आले. किंमत सुमारे ७०० डॉलर होती. कळफलक पूर्णपणे वगळून लेखणीने पडद्यावर लिहावयाचे आणि वापरणाऱ्याच्या स्वाभाविक हस्ताक्षराचे यंत्राने छापील मजकुरात रूपांतर करावयाचे, अशी ही योजना होती. 'साहाय्यक' या शब्दातील आश्वासन येथे शब्दशः पाळण्याचा प्रयत्न होता.

तो फसला. हस्ताक्षर ओळखण्याची जी पद्धती प्रथम वापरण्यात आली ती शब्दकोशावर अवलंबून होती. यंत्र लिहिलेल्या आकाराशी कोशातील शब्दांची तुलना करी आणि जवळचा वाटेल तो शब्द पडद्यावर मांडी. परिणामी त्याच्या चुका सामान्य लेखनप्रमादासारख्या नसत. एखादे अक्षर चुकले तर वाचकाला मूळ शब्द तर्काने ओळखता येतो. परंतु एका शब्दाच्या जागी दुसराच, शुद्ध व अर्थपूर्ण शब्द आला तर वाक्याचा अर्थच पालटतो आणि वाचणाऱ्याला चुकीचा सुगावाही लागत नाही. ज्यांना जुन्या कागदपत्रांचे लिप्यंतर करावयाचे असते त्यांना या दोषाची कल्पना सहज येईल. घाईने लावलेला सुसंगत पाठ हा न लागलेल्या पाठापेक्षा अधिक घातक असतो.

यंत्र विक्रीस आले त्याच महिन्यात 'डून्सबरी' या अमेरिकन चित्रमालिकेने या दोषाची जाहीर थट्टा केली. पुढे ओळखण्याची पद्धती बरीच सुधारली. तथापि पहिला ग्रह पुसला गेला नाही, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ॲपलने न्यूटन बंद केले.

३

याच काळात जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये स्थापिलेली पाम ही छोटी कंपनी याच प्रश्नाशी झुंजत होती. तिच्या आज्ञावलीवर चालणारे 'झूमर' हे यंत्र १९९३ मध्ये आले व अयशस्वी झाले. हस्ताक्षर ओळखण्याचा दोष त्यातही होता. या अपयशातून हॉकिन्स यांनी दोन निष्कर्ष काढले. हातातील यंत्राची खरी स्पर्धा मेजावरील संगणकाशी नसून कागदी टिपणवहीशी आहे, हा पहिला. मनुष्याचे हस्ताक्षर यंत्राला ओळखता येत नसेल, तर यंत्राला ओळखता येईल असे अक्षर मनुष्याने शिकावे, हा दुसरा.

पहिल्या निष्कर्षाची परीक्षा त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यावर केली. योजलेल्या यंत्राच्या आकाराचा ठोकळा खिशात बाळगून, भेटीची वेळ ठरविण्याचा किंवा पत्ता पाहण्याचा प्रसंग आला की तो बाहेर काढावयाचा आणि त्यावर लिहिण्याचा अभिनय करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याच्या सहवासाचा हा अनुभव होता. त्यातून कोणत्या गोष्टी वगळता येतील याचा बोध झाला.

१९९६ च्या पूर्वार्धात 'पायलट' बाजारात आले. वजन सुमारे १६० ग्रॅम; दोन लहान बॅटऱ्या; स्मृती एका प्रकारात १२८ व दुसऱ्यात ५१२ किलोबाइट; किंमत अनुक्रमे २९९ व ३६९ डॉलर. भेटींची दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे या चार कामांसाठी चार कळा होत्या. यंत्राबरोबर एक बैठक मिळे. ती मेजावरील संगणकाला जोडलेली असे. यंत्र तीत ठेवून एक कळ दाबली की दोन्हीकडील नोंदींचा मेळ घातला जाई. शक्तीच्या दृष्टीने पायलट हे न्यूटनपेक्षा दुबळे होते. ग्राहकांनी मात्र तेच निवडले.

४

दुसऱ्या निष्कर्षातून 'ग्राफिटी' ही लिपी निर्माण झाली. ती १९९४ मध्ये प्रथम इतर यंत्रांसाठी, न्यूटनसाठीही, विकण्यात आली होती. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता एका रेषेत काढावयाचे असे. 'ए' या अक्षरातील आडवी रेघ गळाली; 'टी' हे आडवी रेघ काढून खाली वळणारा कोन बनले. अक्षरे डावीकडील चौकटीत व अंक उजवीकडील चौकटीत काढावयाचे. शब्दांमध्ये जागा सोडण्यासाठी डावीकडून उजवीकडे आणि खोडण्यासाठी उजवीकडून डावीकडे रेघ ओढावयाची. सर्व अक्षरे एकाच जागी, एकावर एक लिहिली जात. त्यामुळे एक अक्षर कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हा यंत्राला सर्वांत कठीण असलेला प्रश्नच उरला नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला येथे मोडीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मोडीतही ओळीची रेघ आधी ओढून, बोरू शक्य तितका कमी उचलून अक्षरे लिहिली जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून देणे ही त्या गतीची किंमत होती. तथापि साम्य येथेच संपते. मोडीचे वळण लिहिणाऱ्याच्या हाताच्या गरजेतून घडले आणि वाचणाऱ्याने ते संदर्भाने लावून घ्यावे अशी अपेक्षा होती. म्हणजे कष्टाचा भार वाचकावर होता. ग्राफिटीत वाचक हे यंत्र होते व त्याला संदर्भ कळत नव्हता. म्हणून भार लेखकाकडे गेला. इतके असूनही लोकांनी ही लिपी थोड्याच सरावाने आत्मसात केली व तिच्याविषयी फारशी तक्रार केली नाही. याचे कारण शोधण्यासारखे आहे. न्यूटनची चूक झाली तर दोष यंत्राचा वाटे आणि वापरणाऱ्याच्या हाती उपाय नसे. ग्राफिटीतील चूक ही आपल्या वळणाची चूक आहे असे वाटे, आणि ती सरावाने सुधारता येई. ज्या अपयशावर आपला ताबा आहे ते मनुष्य सहन करतो.

५

लिपी ही या सहवासाची एक अट झाली. दुसरी अट स्मृतीची होती. प्रारंभीच्या पायलटमधील नोंदी बॅटरीच्या शक्तीवर जिवंत राहत. बॅटऱ्या बदलताना सुमारे एका मिनिटाच्या आत नव्या घालाव्या लागत. विलंब झाल्यास सर्व पत्ते व भेटी नष्ट होण्याचा धोका होता. कागदी वही कपाटात विसरली तरी वर्षानुवर्षे टिकते. या यंत्रातील नोंद मात्र नियमाने बैठकीवर ठेवून जपावी लागे. असा नियम पाळणारालाच ते साहाय्यक म्हणून उपयोगी पडे.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. एखादी नोंद खोडताना तिची प्रत मेजावरील संगणकात जतन करावी काय, असा प्रश्न यंत्र विचारीत असे. होकार दिल्यास खोडलेली नोंद निराळ्या संग्रहात जाई. म्हणजे काय टिकावे याचा निर्णय प्रत्येक खोडण्यागणिक घेतला जात होता, आणि तोही स्थळ-काळाचा विचार न करता, क्षणार्धात. शिवाय हा संग्रह एका विशिष्ट आज्ञावलीच्या स्वरूपात होता. ती आज्ञावली चालविणारे संगणक मागे पडले की संग्रह असूनही वाचता येत नाही. मोडी वाचणारे कमी झाले तरी कागद समोर असतो व लिपी पुन्हा शिकता येते. येथे आधी वाचण्याचे साधनच पुन्हा उभे करावे लागते.

६

वापरणाऱ्यांनी कमावलेली सवय कोणाच्या मालकीची, हा प्रश्नही पुढे न्यायालयात गेला. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी एकरेषी अक्षरांची 'युनिस्ट्रोक्स' ही पद्धती आधीच योजली होती. तिचे पेटंट मिळाल्यावर १९९७ मध्ये झेरॉक्सने दावा दाखल केला. त्याच्या ओघात २००३ मध्ये पामने 'ग्राफिटी २' ही नवी लिपी आणली. तीत 'आय', 'के', 'टी' व 'एक्स' ही अक्षरे दोन रेषांची झाली. नवी वळणे नेहमीच्या हस्ताक्षराला अधिक जवळची होती. पण ज्यांचा हात सहा-सात वर्षे जुन्या वळणाला सरावला होता त्यांना ती पुन्हा शिकावी लागली. पुढे न्यायालयाने पेटंट अवैध ठरविले, आणि अखेर २००६ मध्ये पामने २ कोटी २५ लाख डॉलर देऊन वाद मिटविला. तोपर्यंत लेखणीचा काळही सरत आला होता. हॉकिन्स यांनीच स्थापिलेल्या हँडस्प्रिंग कंपनीच्या 'ट्रिओ' या दूरध्वनियुक्त यंत्रावर २००२ मध्ये छोटा कळफलक आला होता.

या इतिहासाचा निष्कर्ष असा काढता येईल. न्यूटनने मनुष्याकडून काहीच न मागता सर्व देण्याचे वचन दिले व ते पुरे करता आले नाही. पायलटने थोडेच देऊ केले, थोडे कष्ट मागितले, आणि तो करार दोन्ही पक्षांना पाळता आला. परंतु त्या कराराची सर्व कलमे ग्राहकाला निवडीच्या वेळी दिसत नव्हती. शिकलेली लिपी एका न्यायालयीन वादाने बदलू शकते, आणि रोजच्या भेटीगाठींची नोंद वाचण्याच्या साधनाबरोबर लुप्त होऊ शकते, ही कलमे सहवासातच उघड झाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला त्या काळातील व्यक्तींच्या दैनंदिनी हव्या असतील, तर कागदाबरोबरच ही यंत्रे, त्यांच्या बैठका आणि त्यांच्या आज्ञावली यांचेही जतन साधनसामग्री म्हणून करावे लागेल.