बापू नाडकर्णींचं रक्त आणि डोक्याचा मार

आपल्या नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी म्हटलं की सलग २१ मेडन ओव्हर आठवतात. १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. पण बापूंची त्याआधीची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज ती सांगतो, कारण तिचा संबंध आपल्या रस्त्यांशी आहे.

१७ मार्च १९६२. भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कानाच्या वर बसला. हेल्मेटचा जमाना नव्हता. कॉन्ट्रॅक्टर चालत मैदानाबाहेर आले, पण पुढच्या काही तासांत प्रकृती ढासळत गेली. डोक्याचं ऑपरेशन करावं लागलं. रक्त हवं होतं. प्रतिस्पर्धी कॅप्टन फ्रँक वॉरेल यांनी दिलं, चंदू बोर्डे आणि पॉली उम्रीगर यांनी दिलं, आणि आपल्या बापूंनीही. कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत.

चालत आलेला माणूस काही तासांत अत्यवस्थ कसा होतो? याचं उत्तर विज्ञानाला हळूहळू मिळत गेलं. मेंदूला मार दोनदा बसतो. पहिला धडकेचा. दुसरा आतून, नंतरचे काही तास आणि दिवस. आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, रक्तपुरवठा कमी पडतो. शाळेत आपण तंतुकणिका शिकलो, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. प्रत्येक पेशीतलं हे छोटं वीजघर, पेशीचं एकलहरेच म्हणा ना! मार बसल्यावर पेशीत कॅल्शियम घुसतं, ते या वीजघरांत साठतं, ती फुगतात आणि बंद पडतात. वीज गेली की पेशी मरते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के. त्यामुळे तिथे अंधार लवकर होतो.

ही वीजघरं वाचवणारं औषध शोधायचे प्रयत्न खूप झाले. सायक्लोस्पोरिनने प्राण्यांमध्ये आशा दाखवली, माणसांत ते सिद्ध झालं नाही. सूज उतरावी म्हणून वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिलं जायचं. २००४ मध्ये १० हजार रुग्णांच्या चाचणीत दिसलं की त्याने मृत्यू उलट वाढतात. २०१४ मध्ये प्रोजेस्टेरॉनही फेल गेलं. म्हणजे आजही डॉक्टरांच्या हातात मुख्यतः तेच आहे: श्वास सुरू ठेवा, रक्तदाब पडू देऊ नका, साचलेलं रक्त लवकर काढा. वीजघराला ऑक्सिजन पोचला पाहिजे. बार्बाडोसमध्ये दिलेलं रक्त त्यासाठीच उपयोगी पडत होतं.

आता आपल्याकडे या. १५ ऑगस्ट २०२१ ला तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं. पंपांवर वाद झाले. शेजारच्याचं हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरणारे महाभागही निघाले! हेल्मेट म्हणजे पोलिसांसाठीची वस्तू, असं आपण ठरवून टाकलंय.

इतकी वर्षं अपघाताच्या बातम्या करताना एक वाक्य मी सारखं ऐकतो, ‘अहो, उठून उभा राहिला होता, बोलत होता, म्हणून घरी आणलं.’ या वाक्याचीच मला भीती वाटते. कॉन्ट्रॅक्टरही चालतच आले होते.

म्हणून सांगतो, डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, हातापायात अशक्तपणा, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर ‘झोपू द्या, सकाळी बघू’ म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा. रस्त्यावर अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये यासाठी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम मान्य केले, आणि २०१९ पासून ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आहे.

दुसरा मार थांबवणारी गोळी अजून मिळालेली नाही. पहिला मार कमी करणारी वस्तू मात्र बऱ्याच घरांत खुंटीवर लटकलेली आहे. ती डोक्यावर घाला, आणि पट्टा लावा.